फोल्डरवाल्या काकांचं म्हणणं

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं प्रवासाचं सदर मी पहिल्यापासून वाचतो, आणि शब्दकोड्याच्या आधी वाचतो, यावरून काय ते समजा. मागच्या रविवारी त्या सदराच्या खाली एक चौकट दिसली, 'या लेखातील मते लेखकाची वैयक्तिक असून ती विनोद म्हणून वाचावीत.' ही चौकट कुठून आली हे ओळखायला फार डोकं लागत नाही. आधीच्या तीन आठवड्यांतली पत्रं तुम्हीच छापलीत. लेखक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जाऊन आले आणि त्यांनी लिहिलं की मला मोनालिसाचं फक्त कपाळ दिसलं, बाकी सगळे वर केलेले मोबाईल, आणि बाहेर आल्यावर जो तो दुसऱ्याला सांगत होता की काय ते स्मितहास्य, काय ते स्मितहास्य. झालं, लोक तुटून पडले.

एका सद्गृहस्थांनी लिहिलं की लेखकाला कलेतलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्यांनी लिहिलं की फुकटात गेला असेल म्हणून किंमत नाही. तिसऱ्यांनी चित्राची मापं दिली, उंची ७७ सेंटिमीटर आणि रुंदी ५३, आणि म्हणाले की यात 'पोस्टाच्या तिकिटाएवढं' कुठे आलं? बरोबर आहे, कुठेच आलं नाही, पण चाळीस माणसांच्या मागून बघा मग कळेल. या सगळ्यात एका बाईंचं पत्र मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी लिहिलं होतं की आम्ही दोघांनी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून ती एक ट्रिप केली, आता परत जाणं होणार नाही, आणि तुम्ही म्हणता तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर लेखकाने तसं लिहिलंच नव्हतं. पण बाईंनी वाचलं तसंच, आणि मला वाटतं अशा लेखनावर जी माणसं चिडतात त्यातली निम्मी अशीच चिडतात. लेखक बोलतो गर्दीबद्दल आणि आपण ऐकतो आपल्या पैशांबद्दल, आपल्या आठवणींबद्दल, घरी परत आल्यावर शेजाऱ्यांना अल्बम दाखवताना आपण जे बोललो होतो त्याबद्दल. नवीन गाडी घेतल्यावर कुणी त्या मॉडेलला नावं ठेवली की कसं होतं? गाडी चांगली चालत असते हो, तरी झोप उडते. त्यात प्रवास तर गाडीसारखा बदलूनही मिळत नाही. म्हणून त्या बाईंना मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच विचारावंसं वाटतं, की तुम्हाला तरी सगळं चित्र दिसलं होतं का? मला नव्हतं दिसलं. मी पण आल्यावर सगळ्यांना सांगितलं, काय ते स्मितहास्य.

आता मी या भांडणात का पडतोय ते सांगतो. संपादक साहेब, मी स्वतः एका असल्या विनोदी प्रवासलेखातलं पात्र आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही युरोपची ग्रुप टूर केली, अडतीस माणसं, एक बस. त्या अडतिसात एक गृहस्थ लिहिणारे निघाले. टूरभर गप्प होते हो, मागच्या सीटवर बसायचे, सगळ्यांना हसून हो हो म्हणायचे, आमच्या मंडळींनी तर त्यांना दोनदा डबा पण पुढे केला. आणि परत आल्यावर तीनेक महिन्यांनी एका मासिकात त्यांचा लेख, नाव कुणाचंच नाही, पण त्यात एक 'फोल्डरकाका'. हे काका म्हणे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रत्येक ठिकाणाचे प्रिंटआऊट घेऊन फिरतात, गाईड बोलायला लागला की पानं उलटतात आणि गाईडचं वाक्य संपलं की बोट वर करतात. पिसाला गाईडने सांगितलं की मनोरा साडेपाच अंशांनी कललेला आहे, तर काकांनी फोल्डर उघडला आणि भर उन्हात सगळ्यांना थांबवून सांगितलं की नाही, १९९० ला मनोरा लोकांसाठी बंद केला, मग दुरुस्ती करून थोडा मागे आणला, २००१ च्या डिसेंबरला परत उघडला आणि आता कल चार अंशाच्या आसपास आहे. लेखकाने पुढे लिहिलं, 'इटलीच्या इंजिनिअरांना जे करायला अकरा वर्षं लागली ते काकांनी एका प्रिंटआऊटवर केलं, मनोरा सरळ झाला, आमच्या माना तेवढ्या कलल्या.'

हे काका म्हणजे मी, हे सांगायची गरज आहे का?

वाचल्यावर माझा जो काही भडका उडाला, विचारू नका. जेवलो नाही. त्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसलो, फुलस्केप चार पानं, मुद्दे घालून, एक दोन तीन चार. विश्वासघात, खासगी आयुष्य, ज्येष्ठांचा अपमान, भारतीय पर्यटकांची बदनामी, हो, तिथपर्यंत गेलो, रागात माणूस एकटा नसतो, सगळा देश बरोबर घेतो. पाकिटात घालायच्या आधी मुलीला वाचायला दिलं. तिने आधी लेख वाचला, मग पत्र वाचलं, आणि म्हणाली, "बाबा, यातलं खोटं काय आहे?" मी म्हणालो, त्याने फोल्डर हिरवा लिहिलाय, माझा निळा होता. ती काही बोलली नाही. बायको आतून म्हणाली, "अहो, मग तेवढंच लिहा ना."

ते पत्र मी टाकलं नाही. अजून आहे. कुठे असणार, फोल्डरमध्येच.

त्याच रागाच्या भरात मी एक नवीन फोल्डर केला, या असल्या लेखनाचाच, म्हणजे टवाळ प्रवासलेखन आणि ते वाचून लोकांनी काय काय केलं ते. (सवय जात नाही.) उद्देश असा होता की हा प्रकार किती वाईट आहे ते पुराव्यानिशी दाखवायचं. झालं उलटंच. माझ्यासारखे लोक दीडशे वर्षांपूर्वी पण होते हे कळलं आणि जरा बरं वाटलं.

१८६७ साली अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' नावाच्या बोटीतून युरोप आणि पॅलेस्टाईनच्या टूरवर गेला, पाच महिने, बरोबर बरीचशी धार्मिक, पोक्त मंडळी. परत आल्याबरोबर त्याने न्यूयॉर्क हेरल्डमध्ये लिहिलं की ही सहल कसली, ही तर अंत्ययात्रा, फक्त प्रेत नव्हतं. म्हणजे ज्यांच्या बरोबर जेवला खेळला त्यांनाच! ती मंडळी भयंकर चिडली, आणि ते वाचताना मला वाटलं या बोटीवर माझी जागा राखीव होती. दोन वर्षांनी, १८६९ ला, त्याच प्रवासाचं पुस्तक आलं आणि तडाखेबंद खपलं. त्यात गाईडांची तर त्याने पार वाट लावलीय. गाईड कौतुकाने कोलंबसचं हस्ताक्षर दाखवतो तर हे लोक म्हणतात अक्षर काही खास नाही, पुतळा दाखवला की चेहरा मख्ख ठेवून विचारतात, हे वारले का? हसून हसून पुरेवाट. आणि हसताना लक्षात आलं की बोट वर करून गाईडला छळणारा मी एकटा नव्हतो, फक्त ट्वेन ते मुद्दाम करत होता.

तुमच्या चौकटीशी संबंध असलेली गोष्ट याच्या पुढची आहे. १८७० च्या डिसेंबरमध्ये 'गॅलक्सी' मासिकात ट्वेनने आपल्याच पुस्तकाचं एक परीक्षण छापलं, लंडनच्या 'सॅटर्डे रिव्ह्यू'मधलं म्हणून. अत्यंत गंभीर, कपाळाला आठ्या घातलेलं. पुस्तकात पॅरिसच्या न्हाव्याबद्दल आहे की त्याने पहिला वस्तरा फिरवला तसा मी खुर्चीतून उचलला गेलो, त्यावर परीक्षक म्हणतो की यात निश्चितच अतिशयोक्ती आहे. असं ओळीमागून ओळ, प्रत्येक थट्टेला खोटं म्हणून पकडलेलं. लोकांना वाटलं खरंच लंडनच्या कुणी लिहिलंय, इंग्रजांना विनोद कळत नाही वगैरे चर्चा झाल्या, आणि पुढच्या महिन्यात ट्वेनला सांगावं लागलं की अहो, ते मीच लिहिलं होतं. आता बघा, त्याच्या पुस्तकावर पण लोक ओरडत होतेच ना? त्याने 'विनोद म्हणून वाचावे' अशी पाटी लावली नाही. चिडलेल्या वाचकाची भूमिका त्याने स्वतःच करून दाखवली. तुमच्या चौकटीने काय होतं, ज्याला विनोद कळला त्याचा अपमान होतो आणि ज्याला नाही कळला तो आणखी चिडतो, की वर आम्हाला शिकवता?

फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाईंचं प्रकरण तर मला फारच आवडलं. त्या १८२७ च्या शेवटी अमेरिकेत आल्या, सिनसिनाटीला एक मोठं दुकान थाटलं, ते बुडालं, १८३१ ला परत गेल्या आणि १८३२ ला अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक काढलं. थुंकणं, बकाबका जेवणं, नाटकाला जाऊन कठड्यावर पाय टाकून बसणं, काही सोडलं नाही. अमेरिकेत आगडोंब. बाईंचं दुकान बुडालं म्हणून जळफळाट चाललाय, असं लोक म्हणाले. (फुकटात गेला असेल म्हणणारे आपले वाचक आठवले ना?) पण गंमत पुढे आहे. नाटकाला कुणी पाय वर टाकले की बाकीचे प्रेक्षक ओरडायला लागले, ट्रोलप! ट्रोलप! आणि तो माणूस पाय खाली घ्यायचा. म्हणजे शिव्या पण घातल्या आणि ऐकलं पण. त्याच बाईंनी हेही लिहिलं होतं की हे लोक एका हाताने स्वातंत्र्याची टोपी उंचावतात आणि दुसऱ्या हाताने गुलामांना चाबकाने मारतात, आणि हे काही थुंकण्यासारखं हसून सोडून देण्यातलं नव्हतं. पन्नास वर्षांनी ट्वेननेच मिसिसिपीवरच्या पुस्तकासाठी लिहिलं की बाई खरं तेच बोलल्या होत्या आणि चिडलेल्या देशाला ते माहीत होतं. तो मजकूर त्या पुस्तकातून गाळला गेला, हे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हे सगळं वाचून माझं मत असं झालं की चिडलेल्या वाचकाची तुम्ही फार काळजी करू नका. त्याने प्रत्येक ओळ वाचलेली असते, दोनदा वाचलेली असते. मी तो लेख इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. लेखकाला असा वाचक पैसे देऊन मिळणार नाही. काळजी करायची तर हसणाऱ्यांची करा.

म्हणजे कसं ते माझ्याच घरातलं सांगतो. लेख आल्यावर नातेवाईकांचे फोन सुरू झाले, अभिनंदन म्हणून! पुतण्या तर अजून फोनवर 'काय फोल्डर, कसे आहात' असं म्हणतो. ते जाऊ दे. पण त्याच पुतण्याला मागे ऑफिसकडून इटलीला जायची संधी आली तर म्हणतो कसा, काका, पिसात काही नाही म्हणे, नुसते लोक हात वर करून फोटो काढतात. मी म्हणालो तू कधी बघितलंस? नाही, तो लेख वाचला ना. घ्या. लेखकाने तिथे दिवसभर पाय तुडवून, ऊन खाऊन एक मत बनवलं आणि याने ते सोफ्यावर बसून फुकटात उचललं. उद्या हा दुसऱ्याला सांगणार, तिसरा चौथ्याला. लेखकाच्या मतात निदान त्याचा घाम असतो, त्याचं पित्त असतं, आदल्या रात्री झोप झाली नव्हती हे असतं. पुतण्याच्या तोंडात ते आलं की नुसतं उरतं, 'तिथले लोक असेच'. गाईडच्या उच्चारांवर केलेला एक विनोद असाच चार तोंडांतून फिरून आला की सगळ्या देशाला चिकटतो. म्हणून मला वाटतं गाईड, ड्रायव्हर, हॉटेलात बॅगा उचलणारी पोरं यांच्या बोलण्याचालण्यावर लिहिताना जरा हात आखडता घ्यावा. ती माणसं काही आपलं वृत्तपत्र वाचून पत्र लिहिणार नाहीत. ब्रोशरची खिल्ली उडवा ना, 'स्वर्गीय अनुभव' छापणाऱ्यांची उडवा, आमची उडवा, आम्ही लिहितो पत्र.

मराठी वाचकाला खरं तर याची सवय जुनी आहे. पुलंची 'अपूर्वाई' १९६० सालची, त्यात परदेशाची थट्टा आहे तशी परदेशी निघालेल्या माणसाची पण आहेच, आणि तो माणूस म्हणजे लेखक स्वतः. आपल्याकडे हल्ली जे खुसखुशीत म्हणून छापून येतं त्यात लेखक कधीच चुकत नाही, कधीच त्याची बस सुटत नाही, हरवतात ते फक्त बाकीचे. तुमच्या सदराचे लेखक तसे नाहीत, मोनालिसाच्या लेखात त्यांनी स्वतः पण मोबाईल वर केला होता असं लिहिलंय, आणि फोटोत समोरच्याचं टक्कल आलं. हे वाक्य एकाही चिडलेल्या पत्रात नाही. कुणी वाचलंच नाही की काय?

आता माझ्या लेखकाबद्दलची तक्रार, कारण आहे, अजून आहे. त्याने मनोऱ्याबद्दल लिहिलं ते खरं, मी बोट वर करायचो ते खरं, लोकांना उन्हात उभं केलं ते पण खरं, त्याबद्दल मी त्या बाकीच्या सदतीस जणांची माफी मागतो. पण मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. ग्रुपमध्ये गाईड पुढे चालत बोलतो, वारा असतो, तो मान फिरवतो आणि माझं अर्धं वाक्य जातं. म्हणून मी आदल्या रात्री सगळं वाचून जायचो, प्रिंटआऊट काढून, म्हणजे जे ऐकू येणार नाही ते हातात असेल. आणि बोट वर करायचो कारण मला खात्री करून घ्यायची असायची की मी ऐकलं तेच तो बोलला का. हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं. नऊ दिवस एका बसमध्ये होतो, एकदा विचारलं असतं की काका हे एवढे कागद कशाला, तर सांगितलं असतं. लेख त्याने बिघडला नसता असं माझं मत आहे. उलट जास्त मजा आली असती, कारण बहिऱ्याने गाईडला दुरुस्त करावं यात जास्त विनोद आहे, हे विनोदी लेखकाला मी सांगायचं का?

म्हणून मी तुम्हाला सदर बंद करा म्हणत नाही आणि मवाळ करा असंही म्हणत नाही. माहिती चुकली तर खाली दुरुस्ती छापा, फोल्डरचा रंग चुकला तरी छापा. मताला मात्र चौकट घालू नका. उलट ज्यांची थट्टा झाली त्यांना तेवढीच जागा द्या आणि त्यांनाही थट्टा करू द्या. स्मोलेट नावाच्या इंग्रजी लेखकाने १७६६ ला फ्रान्स आणि इटलीबद्दल अशीच कुरकुर छापली तर दोनच वर्षांत लॉरेन्स स्टर्न या दुसऱ्या लेखकाने आपल्या पुस्तकात त्याचं 'स्मेलफंगस' नावाचं कुरकुरं पात्र करून टाकलं, आणि वर सांगितलं की हे जगाला सांगण्यापेक्षा आपल्या डॉक्टरला सांगा. असं उत्तर पाहिजे! (त्या स्मोलेटने नीस शहराबद्दल पण बरंच कडू लिहिलं होतं, तरी नीसमध्ये आज त्याच्या नावाचा रस्ता आहे, लोकांचं काही सांगता येत नाही.) आणि लेखकाला आपलं मत बदलावंसं वाटलं तर त्यालाही जागा द्या. डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८४२ ला अमेरिकेबद्दल असं लिहिलं की तिथे वर्षानुवर्षं राग होता. १८६८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पत्रकारांनी त्याला मेजवानी दिली तेव्हा त्याने उभं राहून कबूल केलं की आता मला इथे खूप बदल दिसले, माझ्याशी सगळे चांगले वागले, आणि हे मी अमेरिकेबद्दलच्या माझ्या पुस्तकांच्या प्रत्येक प्रतीच्या शेवटी छापीन. छापलंही. मूळ टीका मात्र मागे घेतली नाही.

मोनालिसावाल्या बाईंना तुम्ही विचारून बघा. आपली ट्रिप त्यांनी त्याच जागेत लिहावी, रांगेसकट, पायांच्या गोळ्यांसकट. मी नक्की वाचीन.

एक शेवटचं. येत्या सीझनला मी परत ग्रुप टूरला जातोय, फोल्डर तयार आहे, निळाच. तुमच्या सदराच्या लेखकांना यायचं असेल तर जरूर यावं आणि माझ्यावर काय लिहायचं ते लिहावं. फक्त बसमध्ये माझ्या उजव्या बाजूला बसावं.

आपला नियमित वाचक,
फोल्डरकाका